नकाशात अम्मींची खोली कुठे?

२०२१ सालची बकरी ईद चिपळूणमध्ये कोणी विसरणार नाही. २१ जुलैला ईद झाली. दिवसभर पाऊस कोसळत होता. रात्री पाहुणे गेले, भांडी आवरली, कुर्बानीच्या गोश्तचे राहिलेले वाटे फ्रीजमध्ये ठेवले आणि आम्ही झोपलो. पहाटे जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. वाशिष्ठी घरात शिरली होती. अर्ध्या तासात पाणी गुडघ्याला लागले. आमचे जुने घर बैठे आणि कौलारू. वर जायला जागाच नव्हती. माझ्या सासूबाईंना घरात लहानथोर सगळे अम्मीच म्हणतात. त्यांचे दोन्ही गुडघे तेव्हाही दुखरे होते. ह्यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले, खुर्ची उचलली आणि शेजाऱ्यांच्या अरुंद जिन्याने गच्चीवर नेली. वळणावर खुर्ची अडकली. ती दोन मिनिटे मला आजही झोपेत दिसतात.

पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. टेप लावून मोजली तर फरशीपासून साडेपाच फूट. २६ जुलै २००५ च्या पुरातही पाणी आले होते, पण ते आमच्या ओट्याला लागून परत गेले होते. म्हणून २०२१ ला आम्ही गाफील राहिलो.

आता त्याच जागेवर नवे दुमजली घर बांधायचे ठरले आहे. माझे धाकटे दीर कतारला असतात. निम्मा खर्च त्यांचा आणि निम्मा आमचा. गेले सात महिने आमच्या घरात एकच विषय आहे, तो म्हणजे नकाशा. या सात महिन्यांत नकाशा पाच वेळा बदलला. प्रत्येक बदलामागे काही ना काही शिकायला मिळाले. आपल्यापैकी अनेक घरांत आज ना उद्या हीच कागदांची गुंडाळी उघडली जाणार आहे, म्हणून हा लेख.

पहिला नकाशा

पहिला नकाशा पाहून सगळे खूश झाले. समोर ओटा, मग १४ बाय १८ चा हॉल, मागे स्वयंपाकघर, कोपऱ्यात जिना, वर तीन बेडरूम. हॉलचा अर्धा भाग ‘डबल हाइट’, म्हणजे वर स्लॅब नाही, थेट वरच्या मजल्याच्या छतापर्यंत मोकळे. मध्ये झुंबर. ही दिरांची आवड. दोहाला एका घरात त्यांनी असा हॉल पाहिला होता. खाली हॉलला लागून पुढे ‘ऑफिस’ नावाची एक खोली होती.

दोन दिवस मी तो कागद शाळेच्या पिशवीत घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उघडला आणि प्रत्येक खोलीपुढे पेन्सिलीने माणसाचे नाव लिहायला लागले. इथे आम्ही, इथे मुले, इथे दीर आणि जाऊबाई. अम्मींचे नाव लिहायला गेले तर त्यांच्या वाट्याला आली होती मागची ९ बाय ९ ची खोली, कोठीला लागून. खिडकी एक, तीही मागच्या गडग्याकडे उघडणारी. शौचालय हॉलच्या पलीकडे. ज्या अम्मी सकाळपासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतात, त्यांना आम्ही कोठीशेजारी ठेवणार होतो. आणि ऑफिस कोणासाठी होते? आमच्या घरात दोन शिक्षक आहेत. ऑफिस असलेले कोणी नाही.

भगिनींनो, एवढे एकच काम आधी करा. नकाशावर खोल्यांची नावे लिहिलेली असतात, ती खोडा आणि माणसांची नावे लिहा. अर्ध्या चुका तिथेच दिसतात.

नणंदेचे नाव

नावे लिहिताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझ्या नणंदेचे नाव कुठेच नव्हते. ती खेडला दिलेली आहे. पण जागा माझ्या सासऱ्यांची. ते गेल्यानंतर वारसांत अम्मी, दोन मुलगे आणि एक मुलगी. शरीयतच्या हिशेबाने अम्मींचा आठवा हिस्सा आणि उरलेल्याचे पाच भाग. दोन-दोन मुलग्यांचे आणि एक मुलीचा. जागेचे ४० भाग धरले तर अम्मींचे ५, दोघा भावांचे प्रत्येकी १४ आणि बहिणीचे ७.

‘तिला काही नको आहे’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. तिला विचारलेले कोणालाच आठवत नव्हते. आम्ही तिला बोलावले आणि विचारले. तिने आपल्या हिश्श्याची रक्कम हप्त्यांनी घ्यायचे मान्य केले आणि एक खोली मागितली. मालकीची नव्हे, माहेरपणाची. ‘ईदला आले की हॉलमध्ये गादी घालून झोपायचं नाही मला,’ ती म्हणाली. हे सगळे वकिलाकडून कागदावर घेतले आणि मगच नकाशाला पुन्हा हात लावला. घर उभे राहिल्यावर हिस्सा ठरवायला गेले की वाद भिंतींवरून होतात. आधी ठरवला तर बोलणे जमिनीपुरतेच राहते.

जोते किती उंच?

इंजिनिअर साहेबांनी जोते रस्त्यापासून तीन फूट धरले होते. जुन्या घराचे दीड फूट होते. पुराच्या वेळी घरात साडेपाच फूट पाणी होते, म्हणजे रस्त्यावर सात फूट. तेवढेच पाणी पुन्हा आले तर नव्या घराच्या तळमजल्यावर चार फूट चढणार. हा हिशेब मी पाचवीच्या मुलांना घालते तसा फळ्यावर घालून दाखवला, तेव्हा घरात शांतता पसरली.

‘मग जोतंच सात फूट करू,’ ह्यांनी सुचवले. सात फूट म्हणजे ८४ इंच. सहा इंचांची पायरी धरली तर १४ पायऱ्या. अम्मींना दूधवाल्याशी बोलायलासुद्धा १४ पायऱ्या उतराव्या लागतील. खांबांवर घर उभे करून खाली नुसते पार्किंग ठेवायचाही विचार झाला. त्यात पूर खालून निघून जातो हे खरे, पण अम्मींना वर्षाचे ३६५ दिवस जिना चढावा लागतो. पूर काही वर्षांनी एकदा येतो. गुडघे रोज दुखतात.

उतार करावा म्हटले तर त्याचेही गणित आहे. व्हीलचेअरसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार धरतात. तीन फुटांच्या जोत्याला ३६ फूट लांब उतार लागतो. आमच्यासमोर मोकळी जागा जेमतेम १२ फूट. बाजूने नेला तर विहिरीकडची वाट बंद होते. शेवटी तीन फुटांचे जोते कायम ठेवले. सहा-सहा इंचांच्या सहा रुंद पायऱ्या केल्या आणि दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा घेतला. तळमजल्यावर पाणी येऊ शकते हे मान्य केले आणि पुढचा सगळा नकाशा ते गृहीत धरून केला. नदीकाठच्या गावांत घर बांधणाऱ्यांनी आपली जागा पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे आणि जोत्याला कोणता नियम लागतो हे नगरपरिषदेत जाऊन स्वतः विचारून घ्यावे. पण त्यासोबत शेजारच्या वयस्कर माणसांनाही विचारावे की पाणी कुठवर आले होते. आम्हाला भिंतीवरच्या रेघेने जे सांगितले ते नकाशात कुठेच नव्हते.

शाळेच्या मैदानावरचे घर

अम्मींना नकाशा दाखवला की त्या चष्मा लावून पाहायच्या आणि ‘छान आहे’ म्हणायच्या. त्यांना त्यातले काही कळत नव्हते आणि खरे सांगायचे तर आम्हालाही पुरते कळत नव्हते. दहा फूट म्हणजे किती, हे कागदावर समजत नाही.

शाळेत खेळांच्या स्पर्धांसाठी मैदानावर फक्की मारतात. एका रविवारी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी आणि माझ्या मुलांनी मैदानावर तळमजला खऱ्या मापात आखला. भिंतींच्या रेघा, दारांच्या जागी मोकळी जागा, पलंगाच्या जागी सतरंजी, ओट्याच्या जागी बाक. अम्मींना रिक्षाने आणले.

अम्मी काठी घेऊन ‘घरात’ शिरल्या. आपल्या खोलीपासून शौचालयापर्यंत चालत गेल्या. मुलाने पावले मोजली, २६ झाली. ‘रात्री तीन वेळा उठते मी,’ त्या म्हणाल्या. एवढे एकच वाक्य. त्याच जागी आम्ही फक्की पुसून ऑफिस आणि अम्मींची खोली यांची अदलाबदल केली. आता त्यांची खोली पुढे, ओट्याला लागून, १० बाय १२ ची. मागे लगेच न्हाणीघर. पावले सात. न्हाणीघराचे दार दोन फुटांचे होते ते तीन फुटांचे केले आणि आत साधारण पाच फुटांचा घेर मोकळा ठेवला, म्हणजे उद्या व्हीलचेअर लागलीच तर वळेल. अल्लाह ती वेळ न आणो. पण भिंत एकदा उभी राहिली की ती फोडणे सोपे नसते.

मग अम्मी हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसल्या आणि मुलाने दिरांना व्हिडिओ कॉल लावला. ते सगळे पाहून हसत होते. अम्मींनी वर बोट दाखवून विचारले, ‘इथं माझ्या डोक्यावर काय आहे?’

‘काही नाही अम्मी, मोकळं आहे. वर झुंबर.’

‘आणि पाणी आलं की मला झुंबराला बांधणार काय?’

सगळे हसले, दीरही हसले. पण कॉल संपल्यावर कोणी हसत नव्हते. वर तीन बेडरूम, तिन्हींत माणसे ठरलेली. अम्मींसाठी वर जागाच नव्हती. जी १४ बाय ९ ची जागा असू शकली असती, ती झुंबराला दिली होती.

उंच छताची गोष्ट

दोन दिवसांनी दिरांचा फोन आला. आवाज पडलेला होता. ‘भाभी, तुम्ही सगळे म्हणत असाल की हा तिकडे राहून दिखाव्याला भुलला.’ मी नाही म्हटले, पण मनात थोडे तसेच होते. मग ते म्हणाले की १३ वर्षे ते एका खोलीत चौघांबरोबर राहतात. पलंगावर पलंग. त्यांचा पलंग वरचा. उठून बसले की छत डोक्याला लागते. ‘मला एकदा तरी अशा घरात झोपायचंय, जिथं छत लांब दिसेल.’

मला काय बोलावे सुचेना. कोकणातल्या गावागावांत मोठमोठी बंद घरे दिसतात. मालक आखातात, वर्षातून महिनाभर येतात. आपण त्यांना पैशाचा माज म्हणतो. त्यातल्या प्रत्येक उंच छतामागे असा एखादा वरचा पलंग असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

उपाय इंजिनिअर साहेबांनी नव्हे, आमच्या गवंड्याने सुचवला. तो म्हणाला, उंची हॉलला कशाला, वर घ्या. आपल्याकडे सपाट स्लॅब दोन-चार पावसाळ्यांत गळायला लागतो आणि मग लोक त्यावर पत्र्याची शेड चढवतातच. त्यापेक्षा वरच्या मजल्याला सरळ दोन बाजूंना उतरते कौलारू छप्पर घ्या. मध्ये आढ्याखाली १३ फूट उंची मिळेल. दिरांची खोली बरोबर आढ्याखाली येईल अशी मधली घेतली. पलंगावर पडले की छत खरोखर लांब दिसेल. कौलांत दोन काचेची कौले ठेवायची, म्हणजे दिवसा उजेड. हॉलवरची मोकळी जागा स्लॅबने भरून निघाली आणि तिथे एक खोली झाली. पावसाळ्यात ती अम्मींची, एरवी नणंदेच्या माहेरपणाची. दिरांनी कबूल केले. झुंबराचे म्हणाल तर ते आता जिन्यात लागणार आहे, थोडे लहान.

जिना

वर खोली झाली, पण अम्मी वर जाणार कशा? पहिल्या नकाशातला जिना साडेसात इंच उंच पायऱ्यांचा होता, पाऊल टेकायला नऊ इंच आणि वळणावर तिकोनी पायऱ्या. तिकोनी पायरी आतल्या बाजूला निमुळती होते. म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच सरकतो, आणि खुर्ची उचलून न्यायची तर तीही तिथेच अडकते. मला शेजाऱ्यांच्या जिन्यावरची ती दोन मिनिटे आठवली.

दोन मजल्यांमधले अंतर दहा फूट, म्हणजे १२० इंच. साडेसात इंचांनी १६ पायऱ्या होतात, सहा इंचांनी २०. पायऱ्या चार वाढल्या, पण प्रत्येक चढ कमी झाला. पाऊल टेकायला ११ इंच, रुंदी साडेतीन फूट, दहा पायऱ्यांनंतर चौकोनी सपाट विसावा आणि तिथे बसायला छोटा कट्टा. तिकोनी पायरी एकही नाही. दोन्ही बाजूंना कठडा. या जिन्याला साडेतीन फूट लांबी जास्त लागली, ती हॉलमधून घेतली. हॉल १८ चा साडेचौदा फूट झाला. पाहुण्यांच्या दोन खुर्च्या कमी बसतील.

हा जिनाही आम्ही जमिनीवर तपासला. विटा रचून सहा इंचांच्या तीन पायऱ्या केल्या, अम्मींना चढायला सांगितले. त्या कठड्याला धरून चढल्या. मग साडेसात इंचांच्या केल्या. दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या. दीड इंचाचा फरक. कागदावर तो दिसतही नाही.

जिना घराच्या आत घ्यायचा की बाहेर, यावरही बोलणे झाले. बाहेर घेतला तर उद्या वरचा मजला वेगळा करता येतो, भाड्याने देता येतो. व्यवहाराला ते सोयीचे आहे आणि ज्यांना तसे हवे त्यांनी जरूर घ्यावे. आम्ही आत घेतला, कारण पुराच्या रात्री बाहेरच्या जिन्यापर्यंत जायलाच पाण्यातून जावे लागेल. मात्र वरच्या गॅलरीत एक दाराएवढी जागा बीमच्या खाली मोकळी धरली आहे. मुलांच्या पिढीला जिना बाहेरून लागला, तर भिंत फोडायला त्रास होणार नाही.

पडदा, वाट आणि पाहुणे

पहिल्या नकाशात पुढच्या दारात उभे राहिले की सरळ स्वयंपाकघरातला गॅस दिसत होता. शिवाय स्वयंपाकघरातून जिन्याकडे जायचे तर हॉल ओलांडावा लागे. हॉलमध्ये ह्यांच्याकडे चार माणसे बसली की बायकांना आणि मोठ्या मुलींना अडकून पडावे लागले असते. आपल्या घरांत हे फार होते. मग बाई पाण्याचा ग्लास दारातून हात लांबवून देते.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घेण्याची आणि घरातल्या मुलांनीही ठरावीक वेळी विचारून आत येण्याची ताकीद आहे. खासगीपणा ही आपल्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या हक्काची गोष्ट आहे. नकाशात ती वाटांनी जपता येते. आम्ही तीन बदल केले. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जिन्यासमोर चार फुटांचा बोळ घेतला, त्यामुळे बायका हॉलमध्ये न येता वर जाऊ शकतात. पुढच्या दाराची आणि आतल्या दाराची रेषा मोडली, म्हणजे दोन दारे समोरासमोर नाहीत. आणि पाहुण्यांसाठी हात धुवायचे बेसिन ओट्याच्या बाजूला घेतले.

किबला आणि वुजू

नकाशा चौकटीत असतो, किबला तसा नसतो. महाराष्ट्रात किबला बरोबर पश्चिमेला नाही, थोडा उत्तरेकडे कललेला आहे. नागपूरकडे हा कल आठएक अंशांचा, मुंबईत दहा, चिपळूणकडे साधारण साडेबारा आणि खाली कोल्हापूरकडे चौदाच्या आसपास. तपासायचा एक जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाशरीफच्या डोक्यावर येतो. २८ मे रोजी आपल्या घड्याळाने दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी. लीप वर्षात या तारखा एक दिवस अलीकडे, २७ मे आणि १५ जुलै. त्या वेळी सरळ उभी काठी रोवायची. काठीची सावली जिकडे पडते त्याच्या बरोबर उलट दिशा, म्हणजे सूर्याकडची दिशा, हा किबला. कोकणात जुलैत सूर्य दिसणे मुश्कील, म्हणून आम्ही २८ मे धरला. जागेवर काठी रोवून फक्कीने रेघ मारली आणि इंजिनिअर साहेबांना ती नकाशात आखायला लावली.

त्या रेघेमुळे दोन गोष्टी बदलल्या. वरच्या मजल्यावर जिन्यासमोरचा मोकळा चौक नमाजसाठी ठेवला, घरातले पाच-सहा जण एका सफेत उभे राहतील एवढा. आणि शौचालयांच्या भांड्यांचे तोंड उत्तर-दक्षिण केले. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आपल्या फिकहात भिंतींच्या आडोशाला याबाबत सवलत आहे, हनफी मत अधिक काटेकोर आहे. पण भांडे बसवण्याआधी फिरवायला काहीच खर्च येत नाही, मग सवलतीची गरज तरी कशाला?

वुजूसाठी खाली आणि वर एकेक बसका कट्टा घेतला, १६ इंच उंच, समोर नळ आणि पाय धुवायला उतार. उभ्याने बेसिनमध्ये पाय वर घेऊन वुजू करताना वयस्कर माणसे घसरतात. तिथली फरशी खरखरीत घ्या, चकचकीत नको.

स्वयंपाकघर आणि मागची पडवी

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला होती. आपल्याकडे पावसाळ्यात वारा आणि पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. चार महिने खिडकी बंद ठेवावी लागली असती. खिडकी उत्तरेला घेतली आणि वर दोन फुटांचा सज्जा. ओट्याची उंची ठरवायला मी आणि जाऊबाई टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे रचून उभ्या राहिलो. माझ्यासाठी ३३ इंच बरोबर, तिला ३४. तेहतीसवर मिटले, कारण ती वर्षातून महिनाभर असते.

घरातले खरे ओले काम मात्र मागच्या पडवीत होते, हे नकाशा काढणाऱ्या पुरुषांना माहीत नसते. मासे साफ करणे, ईदला कुर्बानीचे गोश्त करणे, निकाहच्या वेळी देग चढवणे. मागे छपराखाली एक बैठा दगडी ओटा, नळ आणि जाळी लावलेले गटार एवढे पहिल्याच नकाशात मागून घ्या.

पाणी आलेच तर

यावर आम्ही वेगळा कागद केला. मीटर, इन्व्हर्टर आणि मुख्य बोर्ड वरच्या मजल्याच्या पातळीवर. तळमजल्याची वायरिंग वेगळी, म्हणजे खालची वीज बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतील. खालचे स्विच आणि प्लग साडेचार फुटांवर, अपेक्षित पाण्याच्या वर. खाली प्लायवूडची कपाटे नाहीत, कडप्प्याच्या फळ्या. २०२१ ला आमचे सगळे प्लायवूड फुगून उकिरड्यावर गेले. कुरआन शरीफ, निकाहनामे, सातबारा, मुलांचे दाखले यांचे कपाट वर. वरचे न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या बरोबर वर, म्हणजे पाइप एका रेषेत राहतात आणि गळती झाली तर हॉलवर किंवा स्वयंपाकघरावर होत नाही. वरच्या बोळात चार फुटांचा छोटा ओटा आणि गॅसची सोय.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वरच्या मजल्याच्या एका खिडकीची ग्रिल कडी काढून उघडणारी. अडीच फूट रुंद, तीन फूट उंच. चोराच्या भीतीने आपण सगळ्या खिडक्यांना पक्क्या जाळ्या लावतो. त्या दिवशी होड्या घरांना लागत होत्या आणि माणसे जाळीच्या आतून हात हलवत होती.

नकाशावर सही करण्याआधी

१. खोल्यांवर माणसांची नावे लिहा. कोणाचे नाव राहिले ते पाहा.
२. जागेतले हिस्से आणि प्रत्येकाचा खर्च आधी कागदावर घ्या. बहिणीला समोर बसवून विचारा.
३. तळमजला खऱ्या मापात जमिनीवर आखा. घरातल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान माणसाला त्यात चालवा.
४. जिन्याच्या पायरीची उंची इंचांत विचारा. विटा रचून चढून पाहा.
५. पलंग, कपाट, फ्रीज, शिलाई मशीन मापाने नकाशात बसवा. दार उघडल्यावर ते कशाला आपटते ते पाहा.
६. किबल्याची रेघ नकाशावर आखून घ्या.
७. स्वयंपाकघर आणि पडवीवर घरातल्या बायकांची सही होईपर्यंत नकाशा पुढे पाठवू नका.
८. बदल कागदावर करा. कॉलम उभे राहिल्यावरचा बदल पैशांतही महाग आणि घराच्या ताकदीलाही. कॉलम-बीमच्या जागा इंजिनिअरला विचारल्याशिवाय हलवू नका.

पाचवा नकाशा मंजुरीला गेला आहे. पाऊस संपला की इन्शाअल्लाह पाया खोदायला घेऊ. गेल्या आठवड्यात जुन्या घराची एक भिंत उतरवली. चिखलाची रेघ असलेला चिरा अम्मींनी बाजूला काढायला लावला. नव्या हॉलच्या खांबावर त्याच उंचीला खूण करायची आहे, त्यांनी तसे गवंड्याला बजावले आहे. दीर फोनवर म्हणाले, ‘अम्मी, नव्या घरात ती कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘मी नसेन तेव्हा तुमच्या मुलांना वरची खोली रिकामी का ठेवलीय ते कळायला नको का?’